गोदाकाठचा वेताळ आणि कार्पेथियनचा ड्रॅक्युला

भयकथेला इतिहास असतो का, आणि असल्यास तो कोणत्या पुराव्यांनी शोधायचा, हा प्रश्न आधुनिक काळात ज्या एका कादंबरीच्या निमित्ताने पुन्हा पुन्हा विचारला गेला, ती म्हणजे आयरिश लेखक ब्रॅम स्टोकर यांची १८९७च्या मे महिन्यात लंडनमध्ये प्रसिद्ध झालेली ‘ड्रॅक्युला’. माणसांचे रक्त पिऊन शतकानुशतके टिकून राहिलेल्या एका सरदाराची ही कथा रोजनिश्या, पत्रे, तारा आणि वृत्तपत्रांतील कात्रणे यांच्या रूपाने सांगितलेली असल्यामुळे ती घडलेलीच असावी असा भास वाचकाला होतो, आणि या भासाचा परिणाम म्हणून तिच्यामागचा ‘खरा’ माणूस, ‘खरा’ किल्ला आणि ‘खरी’ घटना शोधणाऱ्या पुस्तकांची एक स्वतंत्र शाखाच गेल्या अर्धशतकात उभी राहिली.

मराठी वाचकाला, आणि त्यातही बीड जिल्ह्यातील वाचकाला, या शोधाकडे पाहण्याचे एक वेगळे कारण आहे. बीड जिल्ह्याची उत्तर सीमा बहुतांशी गोदावरी नदीने आखलेली असून गेवराई, माजलगाव आणि परळी हे तालुके तिच्या दक्षिणेकडे पसरले आहेत. त्याच नदीवर थोडे वर, उत्तर तीरावर, पैठण म्हणजे प्राचीन प्रतिष्ठान नगर आहे. पैठणच्या जायकवाडी धरणाचा उजवा कालवा आज बीड जिल्ह्यातून वाहत माजलगावच्या जलाशयापर्यंत येतो, इतकी ही दोन्ही ठिकाणे परस्परांशी जोडलेली आहेत. प्रेतात शिरून बोलणाऱ्या वेताळाची जी कथामाला भारतभर ‘वेताळपंचविशी’ या नावाने प्रसिद्ध आहे, तिच्या सर्वांत जुन्या उपलब्ध संस्कृत पाठांपैकी एकात तिचा राजा याच गोदातीरावरील प्रतिष्ठानचा सांगितला आहे. ड्रॅक्युलाच्या उगमाविषयी जे प्रश्न युरोपात आणि अमेरिकेत विचारले गेले, तेच या गोदाकाठच्या वेताळाविषयीही विचारता येतात आणि विचारले पाहिजेत.

ड्रॅक्युलाचा उगम शोधणारी पुस्तके

ब्रॅम स्टोकर यांचा जन्म १८४७ मध्ये डब्लिनला झाला आणि आयुष्याचा मोठा काळ त्यांनी लंडनच्या लायसियम नाट्यगृहात, त्या काळचे श्रेष्ठ नट हेन्री अर्व्हिंग यांचे व्यवस्थापक म्हणून घालवला. ज्या ट्रान्सिल्व्हानियाचे, म्हणजे आजच्या रुमानियातील कार्पेथियन डोंगरांनी वेढलेल्या प्रदेशाचे, इतके तपशीलवार वर्णन त्यांनी कादंबरीत केले, तेथे ते कधीही गेले नव्हते. त्यांची सामग्री ग्रंथालयातून आली होती. १८९० पासून त्यांनी कादंबरीसाठी टिपणे काढली आणि ती टिपणे आज अमेरिकेतील फिलाडेल्फियाच्या रोझेनबाख संग्रहालयात जपलेली आहेत. त्यांवरून असे दिसते की खलनायकाचे नाव प्रथम ‘काउंट वॅम्पिर’ असे योजलेले होते आणि कथेचे स्थळही आधी ऑस्ट्रियातील स्टायरिया हा प्रांत होते. व्हिटबी या किनाऱ्यावरील गावच्या ग्रंथालयात विल्यम विल्किन्सन यांचे वलाखिया आणि मोल्दाव्हिया या संस्थानांवरील १८२० सालचे पुस्तक वाचताना स्टोकर यांना ‘ड्रॅक्युला’ हे नाव सापडले, आणि ट्रान्सिल्व्हानियातील लोकसमजुतींची बरीचशी माहिती त्यांनी एमिली जेरार्ड यांच्या १८८५ सालच्या लेखातून घेतली.

१९७२ मध्ये रेमंड मॅक्नॅली आणि राडू फ्लोरेस्कू या दोन इतिहासकारांनी ‘इन सर्च ऑफ ड्रॅक्युला’ हे पुस्तक लिहून या कादंबरीचा खलनायक म्हणजे पंधराव्या शतकातील वलाखियाचा राजा तिसरा व्लाड असल्याचे मत जगभर पोहोचवले. व्लाडचा पिता १४३१ मध्ये ‘ड्रॅगन’ नावाच्या सरदारसंघात सामील झाल्यामुळे ‘ड्रॅकुल’ म्हणून ओळखला जाई आणि त्यावरून मुलाला ‘ड्रॅक्युला’, म्हणजे ड्रॅकुलचा पुत्र, असे नाव मिळाले. शत्रूंना सुळावर चढवण्याच्या त्याच्या क्रौर्याच्या कथा जर्मन भाषेतील छापील पत्रकांतून त्याच्या मृत्यूनंतर युरोपभर पसरल्या होत्या. हे पुस्तक वाचकांना इतके पटले की कादंबरी आणि व्लाडचे चरित्र या दोन गोष्टी लोकांच्या मनात एकच होऊन बसल्या आणि रुमानियातील पर्यटनालाही त्यातून मोठी चालना मिळाली.

या मताची कसोशीने तपासणी केली ती कॅनडातील अभ्यासक एलिझाबेथ मिलर यांनी. २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘ड्रॅक्युला : सेन्स अँड नॉन्सेन्स’ या पुस्तकात आणि पुढे २००८ मध्ये रॉबर्ट एटीन-बिसांग यांच्यासह संपादित केलेल्या स्टोकर यांच्या टिपणांच्या आवृत्तीत त्यांनी दाखवून दिले की स्टोकर यांच्या टिपणांत व्लाड हे नाव कोठेही येत नाही आणि सुळाच्या शिक्षेचाही उल्लेख नाही. स्टोकर यांनी विल्किन्सनच्या पुस्तकातून एक नाव आणि तुर्कांशी झालेल्या लढायांविषयीचे काही मोजके उल्लेख उचलले, आणि उरलेला ड्रॅक्युला पूर्वीच्या भयकथा, लोकसमजुती, रंगभूमी आणि स्वतःची कल्पनाशक्ती यांतून घडवला. या वादातून अभ्यासाची जी शिस्त पुढे आली ती अशी, की कथेतील नाव इतिहासात सापडले म्हणून कथेचा उगम सापडला असे होत नाही. लेखकाच्या हाती कोणते कागद होते, त्यातले त्याने काय घेतले आणि काय सोडले, हे पाहावे लागते. वेताळपंचविशीकडे वळताना हीच शिस्त उपयोगी पडते.

प्रतिष्ठानचा राजा आणि शिंशपेवरचे प्रेत

काश्मीरचा कवी सोमदेव याने राजा अनंताची राणी सूर्यमती हिच्या मनोरंजनासाठी, साधारण १०६३ ते १०८१ या काळात, ‘कथासरित्सागर’ हा संस्कृत ग्रंथ रचला. त्याच्या अठरा लंबकांपैकी, म्हणजे मोठ्या विभागांपैकी, शशांकवती नावाच्या बाराव्या लंबकात वेताळाच्या कथा येतात. गोदावरीच्या तीरावरील प्रतिष्ठान नगरात विक्रमसेनाचा पुत्र त्रिविक्रमसेन राज्य करीत असतो. क्षांतिशील नावाचा एक भिक्षू दररोज दरबारात येऊन त्याला एक फळ देतो आणि राजा ते कोशाध्यक्षाकडे सोपवतो. दहा वर्षांनी एका माकडाने फोडलेल्या फळातून रत्न बाहेर पडते, तेव्हा भांडारात साठलेल्या सर्वच फळांत रत्ने असल्याचे कळते आणि राजा या दानाचे कारण विचारतो. एका मंत्राच्या सिद्धीसाठी वीर पुरुषाचे साहाय्य हवे असल्याचे सांगून भिक्षू त्याला कृष्ण चतुर्दशीच्या रात्री स्मशानात बोलावतो आणि दूरवरच्या शिंशपा वृक्षाला टांगलेले प्रेत खांद्यावर घालून आणण्याची विनंती करतो.

त्या प्रेतात वेताळ शिरलेला असतो. वाट सुसह्य व्हावी म्हणून तो राजाला कथा सांगतो आणि प्रत्येक कथेच्या शेवटी एक पेच टाकतो. उत्तर माहीत असून राजा गप्प राहिला तर त्याचे मस्तक फुटेल अशी अट असते, आणि तो बोलला की प्रेत पुन्हा झाडावर जाऊन लटकते. न्यायी राजाला गप्प राहता येत नाही आणि बोलल्यामुळे काम पुरे होत नाही, अशा या कोंडीतून एकामागून एक कथा उलगडत जातात. अखेर एका पिता-पुत्राने अनुक्रमे एका मुलीशी आणि तिच्या आईशी विवाह केल्यावर त्यांच्या संततीचे परस्परांशी नाते काय, या प्रश्नाला राजाजवळ उत्तर नसते आणि तो मौन पाळून चालत राहतो. तेव्हा प्रसन्न झालेला वेताळ त्याला सावध करतो: भिक्षू राजाचाच बळी देऊन विद्याधरांचे, म्हणजे आकाशगामी अर्धदैवी जातीचे, आधिपत्य मिळवू पाहत आहे, तो साष्टांग नमस्कार घालायला सांगेल तेव्हा ‘आधी आपण करून दाखवा’ असे राजाने म्हणावे. राजा तसेच करतो, नमस्कारासाठी आडव्या झालेल्या भिक्षूचे मस्तक उडवतो, आणि वर मागताना या कथा जगात मान्य व्हाव्यात एवढेच मागतो.

येथे ड्रॅक्युला आणि वेताळ यांच्यातील सर्वांत मोठा भेद दिसतो. ड्रॅक्युला स्वतःच मृत असून जिवंतासारखा वावरणारा, दुसऱ्याच्या रक्तावर जगणारा देह आहे. वेताळ हा परक्या प्रेतात तात्पुरता वास करणारा जीव असून या कथामालेत तो राजाचे रक्त पीत नाही, त्याची बुद्धी पारखतो. कथेतील खरा घातकी पुरुष जिवंत आहे, त्याच्या अंगावर भिक्षूचे वस्त्र आहे आणि दहा वर्षे रत्ने वाटून त्याने विश्वास संपादन केलेला आहे.

गुणाढ्याची हरवलेली बृहत्कथा

सोमदेव आपल्या ग्रंथाचा आधार म्हणून गुणाढ्याच्या ‘बृहत्कथे’चे नाव घेतो आणि तिच्या जन्माची हकिगतही प्रतिष्ठानच्या सातवाहन राजाशी जोडतो. राजाला संस्कृत शिकवण्यावरून लागलेल्या पैजेत हरल्यामुळे गुणाढ्य प्रचलित भाषांचा त्याग करतो, विंध्याच्या अरण्यात जातो, पैशाची भाषा शिकतो आणि शाई नसल्यामुळे स्वतःच्या रक्ताने सात लाख श्लोकांची कथा लिहितो. राजा ती नाकारतो तेव्हा तो एकेक पान पशुपक्ष्यांना वाचून दाखवत अग्नीत टाकू लागतो, आणि राजाला पश्चात्ताप होईपर्यंत सहा लाख श्लोक जळून गेलेले असतात. पैशाची ही दंतकथेत पिशाचांची भाषा मानली असली तरी भाषाभ्यासक तिला प्राकृत भाषांपैकी एक समजतात.

ही हकिगत मोहक आहे, परंतु ती इतिहास म्हणून स्वीकारण्यात अडचणी आहेत. मूळ बृहत्कथा आज उपलब्ध नाही. तिच्यावरून झालेली रूपांतरे मात्र हाती आहेत: काश्मीरमध्ये क्षेमेंद्राची ‘बृहत्कथामंजरी’ आणि सोमदेवाचा ‘कथासरित्सागर’, बुधस्वामीचा ‘बृहत्कथाश्लोकसंग्रह’, आणि जैन परंपरेत संघदासगणींची प्राकृतातील ‘वसुदेवहिंडी’. फ्रेंच अभ्यासक फेलिक्स लाकोत यांनी १९०८ मध्ये गुणाढ्यावरील आपल्या ग्रंथात या पाठांची तुलना केली, आणि तेव्हापासून अभ्यासकांना हे दिसू लागले की वेताळाच्या कथा काश्मिरी पाठांत आहेत, इतर जुन्या रूपांतरांत नाहीत. याचा संभाव्य अर्थ असा, की ही कथामाला मुळात स्वतंत्र असावी आणि पुढे केव्हातरी ती बृहत्कथेच्या मोठ्या चौकटीत सामावली गेली असावी. नेपाळी परंपरा तर गुणाढ्याचा संबंध मथुरा आणि उज्जयिनीशी जोडते.

तरीही प्रतिष्ठानचा उल्लेख निरर्थक ठरत नाही. पैठण हे सातवाहनांचे प्रमुख नगर होते, इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात पैठण आणि तगर म्हणजे आजचे तेर या दक्षिणेतील व्यापारी नगरांचा उल्लेख येतो, आणि नकाशावर पाहता या दोन नगरांच्या मधल्या भूभागात आजचा बीड जिल्हा आहे. माल घेऊन जाणारे तांडे जेथून जातात तेथून कथाही जातात. काश्मीरच्या कवीला अकराव्या शतकात वेताळाच्या राजासाठी दूरच्या दक्षिणेतील गोदातीर योग्य वाटले, ही गोष्ट या नगराच्या कथापरंपरेतील प्रतिष्ठेचा पुरावा आहे; त्रिविक्रमसेन नावाचा राजा खरोखर होऊन गेला याचा मात्र तो पुरावा नाही.

पुढे शिवदास आणि जंभलदत्त यांनी या कथांचे स्वतंत्र संस्कृत पाठ रचले. हाइन्रिख ऊले यांनी १८८१ मध्ये जर्मनीत शिवदासाचा पाठ आणि एमेनो यांनी १९३४ मध्ये अमेरिकेत जंभलदत्ताचा पाठ संपादून प्रसिद्ध केला. अठराव्या शतकात जयपूरच्या राजा जयसिंगाच्या आश्रयाने सूरत कवीने ब्रजभाषेत ‘बैताल पचीसी’ रचली आणि १८०५ मध्ये कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजातून लल्लू लाल आणि मजहर अली खान विला यांच्या हातून ती हिंदुस्थानीत उतरली. या उत्तरेकडील प्रवासात राजा उज्जैनचा विक्रमादित्य झाला आणि प्रतिष्ठान मागे पडले. ज्या पैठणच्या शालिवाहनाने विक्रमाचा पराभव केला असे महाराष्ट्रातील दंतकथा सांगते, त्याच पैठणची कथा विक्रमाच्या नावावर जमा झाली. स्टोकर यांनी कथेचे स्थळ स्टायरियातून ट्रान्सिल्व्हानियात हलवले; वेताळाच्या बाबतीत हे स्थलांतर एका लेखकाने केले नसून कित्येक पिढ्यांनी मिळून केले.

बर्टन, स्टोकर आणि भारतीय उगमाचे मत

वेताळ आणि ड्रॅक्युला यांची भेट एका व्यक्तीमुळे होते. रिचर्ड बर्टन हे १८४२ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई फौजेत दाखल झाले, बडोदे आणि सिंध येथे राहिले आणि हिंदुस्थानी व गुजरातीबरोबर मराठीही शिकले. १८७० मध्ये त्यांनी बैताल पचीसीतील अकरा कथा घेऊन आणि त्यांत स्वतःची बरीच भर घालून ‘विक्रम अँड द व्हँपायर’ हे इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध केले. युरोपीय वाचकाच्या मनात तोवर रक्तपिशाचाची प्रतिमा पक्की झालेली असल्यामुळे बर्टन यांनी वेताळालाही त्याच नावाने पुढे आणले. स्टोकर आणि बर्टन यांची ओळख हेन्री अर्व्हिंग यांच्यामुळे १८७०च्या दशकाच्या अखेरीस झाली, आणि अर्व्हिंग यांच्या आठवणींच्या १९०६ सालच्या पुस्तकात स्टोकर यांनी बोलताना दिसणाऱ्या बर्टन यांच्या सुळ्याचे आवर्जून वर्णन केले आहे. बर्टन यांच्या मृत्यूनंतर १८९३ मध्ये, म्हणजे स्टोकर कादंबरीवर काम करीत असतानाच, ‘विक्रम अँड द व्हँपायर’ची नवी आवृत्ती निघाली.

इतके धागे जुळल्यावर ड्रॅक्युलाचा जन्म वेताळातून झाला असे म्हणण्याचा मोह होणे स्वाभाविक आहे. बिहारमध्ये जन्मलेले आणि कॅनडातील डलहौसी विद्यापीठात अध्यापन केलेले देवेंद्र प्रसाद वर्मा, ज्यांचा ‘द गॉथिक फ्लेम’ हा १९५७ सालचा ग्रंथ इंग्रजी भयसाहित्याच्या अभ्यासात महत्त्वाचा मानला जातो, त्यांनी रक्तपिशाचाच्या कल्पनेचा उगम भारत आणि हिमालयाच्या परिसरात असल्याचे मत मांडले होते. परंतु मिलर यांनी व्लाडला लावलेली कसोटी येथेही लावली पाहिजे. स्टोकर यांनी टिपणांत नोंदवलेल्या आधारग्रंथांत बर्टन यांचे हे पुस्तक नाही. युरोपातील रक्तपिशाचाची चर्चा प्रत्यक्षात सुरू झाली ती १७२५ ते १७३२ या काळात, सर्बियातील खेड्यांत पेटार ब्लागोयेविच आणि आर्नोल्ड पाओले या मृत व्यक्तींबद्दल ऑस्ट्रियन अधिकाऱ्यांनी लिहिलेल्या अहवालांतून. तेथून पोलिडोरी यांची १८१९ सालची कथा आणि शेरिडन ले फानू यांची ‘कार्मिला’ या रक्तपिशाचकथांद्वारे ती चर्चा स्टोकर यांच्यापर्यंत आली. वेताळाला ड्रॅक्युलाचा पूर्वज ठरवून त्याचा मान वाढत नाही. त्याची स्वतःची वंशावळ पुरेशी मोठी आहे.

देव झालेला वेताळ

त्या वंशावळीचा एक भाग पुस्तकांबाहेर, गावांच्या शिवारात आहे. महाराष्ट्र आणि गोव्यात वेताळ हा भुतांचा अधिपती आणि गावाचा रखवालदार म्हणून पूजला जातो. सिंधुदुर्ग जिल्ह्यात वेंगुर्ले तालुक्यातील आरवली येथील वेतोबाला भाविक चामड्याच्या मोठ्या वहाणा अर्पण करतात, कारण देव रात्री गावाभोवती गस्त घालतो आणि त्याच्या वहाणा झिजतात अशी श्रद्धा आहे. गोव्यात लोलये आणि आमोणे येथे बेताळाची स्थाने आहेत आणि बेताळभाटी या गावाच्या नावातच तो आहे. पुण्यात एका टेकडीला त्याचे नाव आहे. देशावर अनेक ठिकाणी शेंदूर लावलेला तांदळा, म्हणजे न घडवलेला गोल दगड, हेच त्याचे रूप असते.

या समजुतींची लिखित नोंद इंग्रजी राजवटीत होऊ लागली. नाशिकचे जिल्हाधिकारी जॅक्सन, ज्यांचा २१ डिसेंबर १९०९ रोजी अनंत कान्हेरे यांनी वध केला, यांनी जमवलेल्या लोकसमजुतींच्या नोंदींवरून एन्थोवेन यांनी गुजरात आणि कोकणच्या लोकविद्येचे खंड सिद्ध केले, आणि त्यांत वेताळाबरोबर मुंजा, समंध, खवीस, हडळ, देवचार अशा भुतांच्या प्रकारांची माहिती आली. दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी १९६२ सालच्या ‘मिथ अँड रिअ‍ॅलिटी’मध्ये गावोगावच्या अशा देवतांकडे इतिहासाचे साधन म्हणून पाहिले, आणि रा. चिं. ढेरे यांनी मराठीतून लोकदेवतांच्या अभ्यासाची भक्कम परंपरा उभी केली. पैठणच्याच संत एकनाथांनी सोळाव्या शतकात भुतावरील भारुडात अंगात येण्याच्या समजुतीला परमार्थाचे रूपक बनवले होते. गेवराई तालुक्यातील राक्षसभुवन या गोदाकाठच्या गावाच्या नावात दैत्य आहे आणि इतिहासात ते १० ऑगस्ट १७६३ रोजी माधवराव पेशव्यांनी निजामाच्या सैन्यावर मिळवलेल्या विजयासाठी ओळखले जाते. दंतकथा आणि दस्तऐवज या भूमीत शेजारी शेजारी नांदतात, आणि म्हणूनच त्यांची सरमिसळ न करता दोन्ही वाचण्याची सवय येथे अधिक आवश्यक आहे.

मराठी पुस्तकांतील वाट

मराठी मुद्रणाच्या अगदी आरंभी वेताळ छापील पानावर आला. मुंबईतील शाळापुस्तक मंडळीशी संबंधित असलेले आणि ‘बाळमित्र’ व ‘इसपनीतिकथा’ यांमुळे प्रसिद्ध झालेले सदाशिव काशिनाथ ऊर्फ बापू छत्रे यांची ‘वेताळपंचविशी’ १८३०ची आहे. म्हणजे बर्टन यांच्या इंग्रजी पुस्तकाच्या चार दशके आधी या कथा छापील मराठीत वाचता येत होत्या. पुढे ह. अ. भावे यांनी कथासरित्सागर मराठीत आणला. १९५२ पासून मराठीत निघू लागलेल्या ‘चांदोबा’ मासिकाने प्रेत खांद्यावर घेऊन चालणाऱ्या राजाचे चित्र घराघरांत पोहोचवले. मात्र त्यातील बहुतेक कथा नव्याने रचलेल्या होत्या, जुन्या पंचविसांतील नव्हत्या. वेताळपंचविशीच्या सहाव्या कथेतील मस्तकांची अदलाबदल जर्मन लेखक थॉमस मान यांच्या १९४०च्या लघुकादंबरीत आणि तेथून गिरीश कार्नाड यांच्या ‘हयवदन’ नाटकात आली आणि विजया मेहता यांच्या दिग्दर्शनाने मराठी रंगभूमीवरही उभी राहिली.

ड्रॅक्युलाची मराठीतील वाट निराळी आहे. स्टीफन किंग यांनी ड्रॅक्युलाचे कथानक अमेरिकेतील एका छोट्या गावात आणून १९७५ मध्ये ‘सेलम्स लॉट’ ही कादंबरी लिहिली, आणि नारायण धारप यांनी तिच्यावरून ‘लुचाई’ ही मराठी कादंबरी लिहिली. अशा रीतीने स्टोकर यांचा काउंट दोन पिढ्यांच्या अंतराने मराठी वाड्यात शिरला. आजच्या तरुण मराठी वाचकाच्या मनातील रक्तपिशाच हा बहुतांशी या मार्गाने आणि चित्रपटांतून आलेला आहे, आणि त्याच्या तुलनेत प्रतिष्ठानचा वेताळ लहान मुलांच्या गोष्टींपुरता उरला आहे.

कथेचा आजचा अर्थ

१७५५ मध्ये ऑस्ट्रियाची सम्राज्ञी मारिया थेरेसा हिने आपले वैद्य गेरार्ड व्हान स्विटेन यांच्या चौकशीनंतर रक्तपिशाचाच्या संशयावरून प्रेते उकरण्यास आणि त्यांची विटंबना करण्यास मनाई केली. महाराष्ट्रात डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी ज्या कायद्यासाठी अनेक वर्षे चळवळ केली, तो नरबळी आणि इतर अमानुष, अघोरी प्रथा व जादूटोणा यांना प्रतिबंध करणारा कायदा, २० ऑगस्ट २०१३ रोजी त्यांची हत्या झाल्यानंतर, त्याच वर्षी अस्तित्वात आला. दोन्ही ठिकाणी राज्यसंस्थेला जे थांबवावे लागले ते भुताचे कृत्य नव्हते. भुताच्या नावाने जिवंत माणसांनी चालवलेला अत्याचार होता.

वेताळपंचविशीने ही गोष्ट कायद्यांच्या कितीतरी आधी सांगितली होती. स्मशान, प्रेत आणि मंत्र यांची सारी भीती उभी करून ही कथा शेवटी बोट दाखवते ते सिद्धीच्या लोभाने नरबळी देऊ पाहणाऱ्या भोंदू साधकाकडे, आणि राजाला वाचवते ती त्याची विचार करण्याची सवय. ज्याचे उत्तर ठाऊक नाही तेथे गप्प राहण्याचा प्रामाणिकपणा हीच त्याची अंतिम परीक्षा ठरते. भयकथांच्या ऐतिहासिक उगमाविषयी लिहिणाऱ्यांनाही ही परीक्षा लागू आहे.

ड्रॅक्युलाच्या टिपणांचे एकेक पान तपासून प्रसिद्ध करण्याइतकी आस्था पाश्चात्त्य अभ्यासकांनी एका कादंबरीबद्दल दाखवली. वेताळाच्या मराठी पाठांची अशी तुलनात्मक चिकित्सक आवृत्ती आणि मराठवाड्यातील वेताळस्थानांची व मौखिक कथांची गावनिहाय नोंद ही तितक्याच मोलाची कामे आहेत. छत्रपती संभाजीनगरच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाशी संलग्न असलेल्या बीड, अंबाजोगाई, गेवराई, माजलगाव आणि परळी येथील महाविद्यालयांतील मराठी व इतिहास विभागांनी हे काम हाती घ्यावे. गावातील वृद्धांकडून ऐकलेली कथा सांगणाऱ्याच्या शब्दांत, गाव आणि तारीख नोंदवून लिहून ठेवणे, हे त्याचे पहिले पाऊल आहे, आणि ते उचलण्यासाठी विद्यार्थ्यांना वही आणि वेळ यांहून अधिक काही लागत नाही. सांगणारी पिढी आहे तोवरच हे काम होऊ शकते, म्हणून ते आताच सुरू झाले पाहिजे.